ड्रॅको : काही महिन्यांच्या वापरानंतर, आणि मुख्यतः 11 या आकड्याविषयी

ड्रॅको म्हणजे त्रिमितीय मॉडेल्सच्या फाइली आवळून लहान करणारे साधन. त्याच्याकडे आम्ही वळलो ते बिलामुळे. फोंड्यातील आमचा छोटा गट गोव्यातील देवळांचे भाग आणि कातळशिल्पे यांची छायाचित्रांवरून त्रिमितीय मॉडेल्स तयार करून संकेतस्थळावर ठेवतो. ज्यांच्याकडे ते संकेतस्थळ आहे ती होस्टिंग कंपनी डेटाच्या वाहतुकीवर पैसे आकारते. तक्रार केली तेव्हा ‘मोठी योजना घ्या’ एवढेच उत्तर आले. ड्रॅको गूगलने 2017 मध्ये खुले केले, ते अपाची परवान्याखाली मिळते आणि त्याला एक रुपया पडत नाही. मोठ्या योजनेपेक्षा ते आधी वापरून पाहावे, असे ठरले.

आकुंचनाविषयी तक्रारीला जागा नाही. असे मॉडेल म्हणजे त्रिकोणांची जाळी, आणि तीत शिरोबिंदूंच्या (त्रिकोणांच्या कोपऱ्यांच्या) साधारण दुप्पट त्रिकोण असतात. त्यामुळे 10 लाख शिरोबिंदूंच्या मॉडेलमध्ये कोणता त्रिकोण कोणत्या बिंदूंनी बनला एवढे साधेपणाने लिहायलाच 2 कोटी 40 लाख बाइट लागतात, आणि स्थानांचे 1 कोटी 20 लाख बाइट वेगळे. ड्रॅको जोडणीसाठी, म्हणजे कोणता त्रिकोण कोणत्या बिंदूंचा हे लिहिण्यासाठी, ज्या एजब्रेकर पद्धतीचा आधार घेते, ती रोसिन्याक यांनी 1999 मध्ये मांडली. साध्या, बंद जाळीला तीत दर त्रिकोणामागे 2 बिटांपेक्षा जास्त लागत नाहीत, म्हणजे त्या 2 कोटी 40 लाखांचे 5 लाख होतात. स्थानांसाठी तूमा आणि गॉट्समन यांची 1998 ची युक्ती आहे. शेजारच्या त्रिकोणावरून समांतरभुज चौकोन पूर्ण करून पुढचा बिंदू कोठे असेल ते ताडायचे, आणि प्रत्यक्ष जागा व अंदाज यांतील फरक तेवढा नोंदवायचा. पृष्ठभाग सलग असेल तर हे फरक इतके लहान निघतात की पहिली फाइल पाहून आम्ही काहीतरी गहाळ झाले असेल म्हणून ती पुन्हा तपासली.

पुढे खरोखरच गहाळ झाले, पण ते दुसऱ्या मॉडेलमध्ये. उसगळीमळ येथे कुशावतीच्या काठी जांभ्यावर कोरलेली कातळशिल्पे आहेत. त्यांतील 30 मीटर लांबीच्या पट्ट्याचे मॉडेल कमांड ओळीवरून आवळले, तेव्हा वर्तुळाकार चक्राच्या खोदरेषा पायऱ्यापायऱ्यांच्या दिसू लागल्या आणि बैलाच्या पाठीची कड नाहीशी झाली. अंदाज बांधण्याच्या पद्धतीचा यात काही दोष नाही, कारण ती पायरी पूर्णपणे उलट फिरवता येते. तिच्या आधीच ड्रॅको प्रत्येक स्थान समान पायऱ्यांच्या ठरावीक जाळ्यावर बसवते, म्हणजे जवळच्या पायरीपर्यंत गोल करते, आणि आपण वेगळे काही सांगितले नाही तर स्थानासाठी 11 बिट धरते. 11 बिट म्हणजे 2,047 पायऱ्या. 30 मीटरला 2,047 ने भागले की एक पायरी साडेचौदा मिलिमीटरहून मोठी निघते. त्यावर कहर असा की तिन्ही दिशांना सर्वांत लांब बाजूच्याच मापाची पायरी लागते, म्हणजे पट्ट्याच्या लांबीची शिक्षा कोरीवकामाच्या खोलीला भोगावी लागते. ब्लेंडर या त्रिमितीय प्रणालीमधून निर्यात करताना हाच आकडा मुळात 14 असतो, त्यामुळे पूर्वीच्या मॉडेल्समध्ये असे काही दिसले नव्हते. तेच तंत्र दोन दारांतून दोन निरनिराळी मूल्ये घेऊन यावे, याचा राग मला अजून आहे. बिटांऐवजी मिलिमीटर विचारले असते, तर दगडाचे काम करणाऱ्या कोणालाही योग्य उत्तर देता आले असते.

पट्टा लहान तुकड्यांत कापण्याचा उपाय सुचला आणि अंगलट आला. प्रत्येक तुकड्याची चौकट, म्हणजे ज्या मापावर पायरी ठरते ती पेटी, वेगळी असल्यामुळे दोघांच्या सामाईक कडेवरचा एकच बिंदू दोन जागी गोल झाला आणि मध्ये बारीक भेगा पडल्या. ड्रॅको चालवणाऱ्या जीएलटीएफ-पाइपलाइन या साधनामध्ये सर्व तुकड्यांना एकच जाळे लावण्याचा पर्याय आहे आणि त्याने भेगा बुजतात. मात्र मग चौकट पुन्हा पूर्ण पट्ट्याची होते, म्हणून बिट वाढवल्यावाचून सुटका नाही.

इथपर्यंत मी ड्रॅको सोडण्याच्या विचारात होतो. मग हिशेब केला. 11 वरून 14 वर गेल्यास दर शिरोबिंदूमागे जास्तीत जास्त 9 बिट वाढतात, म्हणजे 10 लाख बिंदूंना सुमारे सव्वा अकरा लाख बाइट, आणि पायरी पावणेदोन मिलिमीटरांच्या आसपास येते. 16 बिटांवर ती अर्ध्या मिलिमीटरच्याही आत जाते. 3 कोटी 60 लाख बाइटांच्या मूळ मॉडेलपुढे ही वाढ किरकोळ आहे. होस्टिंगच्या मोठ्या योजनेपेक्षा तर ती फारच स्वस्त पडते, आणि माझे मत बहुतांशी तेथेच बदलले.

जांभा या पद्धतीला कधीच मनापासून मानवत नाही, हेही मान्य करावे लागेल. तांबडी सुर्ला येथील महादेव मंदिराच्या काळ्या बेसाल्टचे गुळगुळीत कातीव खांब अंदाजात छान बसतात. जांभ्याची प्रत्येक पोकळी मात्र समांतरभुज चौकोनाला खोटे पाडते, आणि फोटोंमधून आलेली गडबडही त्यात मिसळते. तेथे फाइल अपेक्षेपेक्षा मोठी राहते. आवळण्याची पातळी (ड्रॅको किती कसून आवळते ते ठरवणारा, बिटांहून वेगळा आकडा) 7 वरून 10 वर नेली, तरी आमच्या फाइलींत फरक फारसा पडला नाही आणि वेळ मात्र वाढला.

जुन्या मोबाइलवर फाइल लवकर उतरते, पण उलगडताना पडदा काही क्षण गोठतो आणि उलगडणारा कोडही वेगळा उतरवावा लागतो. लहान मॉडेल्ससाठी म्हणून मी आता मेशॉप्ट हे आवळण्याचे दुसरे साधन वापरतो, कारण ते झटकन उलगडते, फाइल थोडी मोठी झाली तरी चालते. पट्ट्यासारख्या मोठ्या मॉडेल्सना ड्रॅकोच आहे, 16 बिटांवर. आदेशाची ती ओळ कागदावर लिहून संगणकाच्या बाजूला चिकटवली आहे, म्हणजे गटातील नवा माणूस ती 11 वर चालवणार नाही.