रोजच्या खिशातला ओटीएफ चाकू: निवडताना आधी मिटणं तपासा

ओटीएफ, म्हणजे मुठीच्या तोंडातून पातं सरळ पुढे येणारा खटक्याचा चाकू, विकला जातो तो उघडण्याच्या आवाजावर. कुठलाही व्हिडिओ बघा, बटण सरकतं, खाट्कन पातं बाहेर आणि बघणारा खूश. पण उघडण्यात ओटीएफला म्हणावी तशी आघाडी नाहीच. चांगला फ्लिपरवाला, म्हणजे पात्याच्या बुडाचा छोटा कान बोटाने दाबून उघडायचा, घडीचा चाकूही तेवढ्याच वेळात, एका हाताने उघडतो. फरक पडतो तो मिटताना. लायनर लॉकचा, म्हणजे मुठीतली धातूची पट्टी बाजूला सारून मिटायचा, चाकू एका हाताने मिटायचा तर अंगठा क्षणभर पात्याच्या वाटेत येतोच. ओटीएफमध्ये ज्या बटणाने पातं बाहेर आलं त्याच बटणाने ते आत जातं, बाकीची बोटं जागची हलत नाहीत. शिडीवर उभं राहून, एका हातात वायर धरून, दिवसभर काही ना काही कापावं लागत असेल तर ही सोय मोलाची आहे. दिवसाकाठी दोन खोकी फोडायची असतील तर तेवढ्याच पैशात जास्त मजबूत घडीचा चाकू मिळतो, आणि तोच घ्यावा.

म्हणून पहिली अट डबल ॲक्शनची, म्हणजे एकाच बटणाने उघडण्याची आणि मिटण्याचीही. सिंगल ॲक्शन प्रकारात स्प्रिंग आधीच ताणून ठेवलेली असते. बटण दाबलं की पातं जोरात सुटतं, पण आत घेताना दुसऱ्या हाताने खेचदांडा ओढून स्प्रिंग पुन्हा भरावी लागते. मायक्रोटेक कंपनीचा हेलो हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. धक्का दणदणीत, पात्याचा हलपणा (मुठीत डुगडुगणं) कमी, यांत्रिकदृष्ट्या देखणी वस्तू. पण एका हाताने मिटण्याची सोयच गेली, तर रोजच्या खिशात तो कशासाठी ठेवायचा?

डबल ॲक्शनचं आतलं काम समजून घेतलं की पुढच्या बहुतेक तक्रारी आपोआप उलगडतात. पातं आत असताना स्प्रिंग जवळजवळ सैल असते. अंगठ्याने बटण पुढे ढकललं की स्प्रिंगचं एक टोक पुढे ओढलं जातं, दुसरं टोक पात्याच्या बुडाशी अडकलेलं असतं आणि पातं मागच्या लॉकने धरलेलं असतं. म्हणजे स्प्रिंग ताणण्याची सगळी मेहनत आपला अंगठा करतो. बटण प्रवासाच्या शेवटी पोचलं की मागचा लॉक उचलला जातो आणि पातं सुटतं. स्प्रिंग त्याला वाटेत काही अंतरापर्यंतच ओढते, उरलेला प्रवास पातं मिळालेल्या वेगावर करतं आणि पुढचा लॉक त्याच्या खाचेत बसतो. मिटताना हेच उलट.

या रचनेचा पहिला परिणाम असा, की वाटेत जरा जरी घर्षण वाढलं तरी पातं शेवटपर्यंत पोचत नाही. धूळ, वाळलेलं तेल, टेपचा चिकटा, यांतलं काहीही पुरतं. पात्यासमोर काही आडवं आलं, तरी तेच. मग पातं दोन्ही लॉकच्या मधे लोंबकळत राहतं. याला चाकू बिघडला असं समजू नये. उघडताना अडकलं असेल तर पातं दोन्ही सपाट बाजूंनी चिमटीत धरून टक् आवाज येईपर्यंत बाहेर ओढायचं. मिटताना अडकलं असेल तर टोक लाकडाच्या तुकड्यावर हलकेच टेकवून आत ढकलायचं, टोकावर बोट ठेवून नाही. सिनेमात दिसतं तसं पातं सुटताच कशाच्या आरपार जाण्याचा प्रश्न तर नाहीच. डबल ॲक्शनचं पातं जाड पुठ्ठ्यालाही अडून थांबतं.

दुसरा परिणाम म्हणजे पात्याचा हलपणा. पातं मुठीतल्या खोबणीतून सरकायचं तर खोबणीत थोडी मोकळीक लागणारच. टोक धरून हलवलं की डावी-उजवीकडे आणि वर-खाली किंचित खेळ जाणवतो, आणि घडीच्या चाकूची सवय असलेल्याला तो दोष वाटतो. महागड्या ओटीएफमध्येही तो असतो. अजिबात हलत नसलेलं पातं उलट संशयास्पद, कारण थोडी धूळ बसली की ते अडकणार. बघायचं ते एवढंच की खेळ फक्त हाताला कळावा, चाकू हलवल्यावर खुळखुळ्यासारखा वाजू नये, आणि कापताना धार वाट सोडून जाऊ नये. पातं टोकाकडून मागे दाबलं तर आत मात्र मुळीच सरकता कामा नये. तिथे लॉक हललेला चालत नाही.

हातात घेऊन तपासताना सलग वीस-पंचवीस वेळा उघडमीट करावी. निम्म्या वेळा टोक वर धरून, निम्म्या वेळा खाली. स्प्रिंग जेमतेम जोराची असेल तर टोक वर असताना पातं अर्ध्यात थांबतं, कारण तेव्हा पात्याच्या वजनाविरुद्ध काम असतं. मग बटण मुद्दाम हळू सरकवून बघावं. चांगल्या चाकूत बटण कितीही सावकाश नेलं तरी सुटण्याचा क्षण एकच, ठाम असतो. वाटेत खरखर लागली किंवा उघडण्या-मिटण्याला वेगवेगळा जोर लागला तर दुसरा नग मागावा. सरावाने अंगठा मजबूत होईल, पण वाकडी बसलेली स्प्रिंग सरळ होणार नाही.

बटण जड असण्याची तक्रार मात्र बहुतेकदा चुकीची असते. बऱ्याच ओटीएफना वेगळा सेफ्टी लॉक नसतो, बटणाचा जडपणा हाच सेफ्टी. हलकं बटण दुकानात आवडतं आणि खिशात किल्ल्यांच्या जुडग्याने सरकतं. अंगठ्याच्या टोकाने ढकलण्याऐवजी पेराचा मांसल भाग बटणावर टेकवून, मूठ चार बोटांनी घट्ट धरून रेटलं की जडपणा निम्मा वाटतो. संधिवात असलेल्यांनी किंवा सतत जाड हातमोजे घालून काम करणाऱ्यांनी मात्र प्रत्यक्ष हाताळल्याशिवाय घेऊ नये. बटणाची जागाही बघावी. मायक्रोटेक अल्ट्राटेकमध्ये ते मुठीच्या अरुंद कडेवर आहे, बेंचमेड इन्फिडेलमध्ये रुंद बाजूवर. कडेवरच्या बटणाला डावखुऱ्यांची अडचण नसते, फक्त क्लिप उलट बाजूला येते.

पात्याच्या आकारात निवड सोपी आहे आणि तरी इथेच सर्वांत जास्त चुकीची खरेदी होते. दुधारी खंजिरी पातं दिसायला ओटीएफला शोभतं, रोजच्या कामाला नाही. पाठीवर अंगठा ठेवून दाब देता येत नाही, टोकाजवळ पातं नाजूक असतं, आणि अनेक ठिकाणी कायद्याने दुधारी चाकूकडे जास्त कडक नजरेने पाहिलं जातं. एकधारी ड्रॉप पॉइंट, म्हणजे पाठ हलकेच उतरत टोकाला मिळणारं पातं, घ्यावं. टँटो या कोनदार पात्याचं टोक दणकट, पण धारेला मधे कोपरा असल्यामुळे खोक्यावरून एका ओढीत कापताना अडखळतं आणि घरी धार लावताना वैताग येतो. करवती दाते दोरीसाठी ठीक, एरवी नकोत.

लांबीचं गणित घडीच्या चाकूपेक्षा वेगळं आहे. ओटीएफच्या मुठीत पात्याबरोबर स्प्रिंग आणि लॉकही मावावे लागतात, त्यामुळे तेवढ्याच पात्याला मूठ जास्त लांब लागते. अल्ट्राटेकचं पातं साधारण साडेआठ-पावणेनऊ सेंटिमीटर, तर मिटलेली लांबी १२-१३ सेंटिमीटरच्या घरात. बसल्यावर हे मांडीला कळतं. यूटीएक्स-८५ आणि यूटीएक्स-७० ही त्याचीच लहान भावंडं. यूटीएक्स-७०चं पातं सहा सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाकिटं, टेप, दोरा यांना पुरेसं आणि पातळ कापडाच्या खिशातही न जाणवणारं. लहान मुठीत बटण ढकलताना धरायला जागा कमी मिळते, म्हणून मोठ्या पंजाच्या माणसाने यूटीएक्स-८५ वर थांबावं. बहुतेकांसाठी रोजचा योग्य आकार तोच आहे, असं आमचं मत. इन्फिडेलचं पातं दहा सेंटिमीटरच्या जवळ, वजन १४० ग्रॅमच्या आसपास आणि पोलाद डी२. कामाच्या पट्ट्याला लावायला छान, पँटच्या खिशात ओझं. कर्शॉचा लाइव्हवायर पात्याने अल्ट्राटेकच्या तोडीचा, आणि मॅग्नाकट पोलादामुळे दमट हवेत राहणाऱ्यांनी आधी बघावा असा.

पोलादाबद्दल घडीच्या चाकूचे निकष इथे जसेच्या तसे लागत नाहीत. ओटीएफचं पातं बंद, अंधाऱ्या, अधूनमधून ओलसर डबीत राहतं आणि तिथे रोज फडकं फिरवता येत नाही. त्यामुळे धार किती टिकते याच्या आधी गंज किती लागतो ते बघावं. डी२ मध्ये क्रोमियम साधारण १२ टक्के, पण त्यातलं बरंच कार्बाइडमध्ये अडकलेलं असतं, म्हणून घामाचे डाग पडतात. १५४सीएम बरं, एस३५व्हीएन आणि एम३९० आणखी बरे. धातुतज्ज्ञ लॅरिन थॉमस यांनी तयार केलेलं मॅग्नाकट २०२१ मध्ये बाजारात आलं. गंजाला आणि धारेचे टवके उडण्याला, दोन्हीला ते पुरून उरतं. काळा लेप हवा असेल तर पातळ आणि कठीण डीएलसी, म्हणजे हिऱ्यासारख्या कार्बनचा लेप, घ्यावा. रंगासारखा जाड लेप खोबणीत घासून निघतो आणि त्याचीच पूड पुढे पातं अडवते.

मुठीसाठी ॲल्युमिनियम. स्वस्त नगांत जस्ताचा ओतीव मिश्रधातू असतो. तो हातात वजनदार आणि म्हणून भारी वाटतो, पण लॉकची खाच त्यात लवकर गोलावते. मग एके दिवशी पातं दाबल्यावर आत सरकायला लागतं. असा चाकू दुरुस्त करत बसू नये.

क्लिप बहुतेक ओटीएफमध्ये मुठीच्या मागच्या टोकाला असते, म्हणजे चाकू खिशात पात्याचं तोंड खाली करून बसतो. सुरक्षेच्या दृष्टीने हेच बरोबर. पण खिशाच्या तळाशी साठणारे तंतू, वाळूचे कण, सुपारीएवढे कागदाचे बोळे, सगळं त्या उघड्या तोंडासमोर येतं. खिसा आठवड्यातून एकदा उलटा करून झटकणं हा ओटीएफच्या देखभालीतला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. मुठीच्या मागे काच फोडण्याचं टोक असेल तर तेच वर येतं आणि हात खिशात घालताना टोचतं, गाडीच्या सीटलाही भोक पाडतं. गाडीत अडकलेल्यांना सोडवण्याचं काम करत नसाल तर ते नसलेला नमुना शोधा.

मायक्रोटेकच्या नकला इतक्या आहेत की अनोळखी विक्रेत्याकडचा ‘जवळजवळ नवा’ अल्ट्राटेक नकली धरूनच तपासावा. पात्यावरचा क्रमांक आणि उत्पादनाची तारीख कोरीव व स्वच्छ आहे का, तो क्रमांक खोक्यावरच्या क्रमांकाशी जुळतो का, मुठीच्या दोन भागांमधली फट सगळीकडे सारखी आहे का, वजन कंपनीच्या आकड्याशी जुळतं का, हे बघावं.

कायद्याचं काम पैसे देण्याआधीचं. ब्रिटनमध्ये १९५९च्या कायद्यापासून खटक्याच्या चाकूंच्या विक्रीवर बंदी आहे. अमेरिकेत १९५८चा संघीय कायदा आंतरराज्य व्यापारावर बंधनं घालतो आणि बाळगण्याचे नियम राज्यागणिक बदलतात. बाकी देशांतही कुठे पात्याच्या लांबीवर, कुठे दुधारी असण्यावर, कुठे थेट स्प्रिंगवरच बोट ठेवलेलं असतं. आपल्या ठिकाणचा नियम मूळ मजकुरातून वाचावा, विक्रेत्याच्या ‘चालतं हो’ वर जाऊ नये. विमानाच्या केबिनमध्ये तर तो नेताच येत नाही.

वापरताना दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात: पात्याने काही उचकटणं आणि पिळणं. आडव्या जोराने खोबणी पसरते आणि मग हलपणा कायमचा वाढतो. फळं-भाज्याही याने कापू नयेत, रस आत जातो आणि साखर वाळली की पातं चिकटतं. टेप कापल्यावर आत घेण्याआधी पातं पुसायचं. बोटाने नाही, फडक्याने आणि पाठीकडून.

अडखळायला लागला की आधी तेल ओतण्याचा मोह होतो, आणि तिथेच गाडं बिघडतं. जास्त तेल धूळ धरून ठेवतं आणि घट्ट होऊन पात्याचा वेगच खातं. आधी मुठीच्या तोंडातून आत हवेचा फवारा मारायचा, पातं बाहेर असताना आणि आत असताना. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब तोंडातून सोडून दहा-पंधरा वेळा उघडमीट करायची, चाकू तोंड खाली करून निथळू द्यायचा, बाहेर येणारं पाणी काळं असेल तर पुन्हा. पूर्ण वाळल्यावर पात्याच्या दोन्ही सपाट बाजूंना पातळ तेलाचा एकेक थेंब, पुन्हा उघडमीट, आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाकायचं. धार लावताना मुठीच्या तोंडावर टेप गुंडाळावी आणि टोक खाली ठेवावं, नाहीतर दगडाची पूड सरळ आत जाते.

एवढं करूनही अडकत असेल तर स्प्रिंग थकली आहे. ती बदलायला मूठ उघडावी लागते, आणि मायक्रोटेकसारख्या कंपन्यांनी अनेक वर्षं तिकोनी खाचेचे खास स्क्रू वापरले ते याचसाठी, की ग्राहकाने उघडू नये. उघडल्यास बहुतेक ठिकाणी वॉरंटी जाते. तेव्हा खरेदीच्या आधीच विचारून ठेवावं: दुरुस्तीला चाकू कुठे पाठवायचा, आणि ऑटोमॅटिक चाकू कुरियरने पाठवणं आपल्याकडे कायदेशीर आहे का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल, तर आयुष्यभराच्या वॉरंटीचे जादा पैसे मोजू नयेत.