सिक्युरिटी की, नऊ महिने: माझं मत दोनदा बदललं, एक तक्रार मात्र कायम

सिक्युरिटी की म्हणजे पासवर्डनंतर खात्यात शिरायला लागणारी छोटी यूएसबी चावी. नऊ महिने ती वापरतेय. गेल्या आठवड्यात मेल आला की तुमच्या खात्यात कुणीतरी शिरायचा प्रयत्न करतंय, लगेच तपासा. घाईत होते. लिंक उघडली, पासवर्ड टाकला, चावी यूएसबीत खोचली आणि दिवा लुकलुकायची वाट बघत बसले. तो लुकलुकलाच नाही. काढून पुन्हा लावली, दुसऱ्या पोर्टात लावून पाहिली, तरी काही नाही. इतक्यातच मेली म्हणून चडफडले. पानावर खाली ‘मेसेजवर कोड मागवा’ असं बटण होतं. त्यावर क्लिक करणारच होते, तेवढ्यात वर वेबसाइटच्या पत्त्याकडे लक्ष गेलं. कंपनीच्या नावापुढे एक आडवी रेघ आणि एक जादा शब्द होता.

चावी धडधाकट होती. नोंदणी ज्या पत्त्यावर झालेली असते, त्या पत्त्यासाठीच ती सही करते, म्हणजे ओळखीचा डिजिटल पुरावा देते, आणि आपण कुठल्या पत्त्यावर आहोत हे ठरवतो ब्राउझर. पानावर काय लिहिलंय, लोगो किती हुबेहूब आहे, याच्याशी तिला देणंघेणं नाही. मी फसले होते, ती फसली नाही. पान बंद केलं, पत्ता स्वतः टाइप करून खऱ्या साइटवर गेले, पासवर्ड बदलला आणि सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट केलं.

चावीचा अनुभव सहाव्या महिन्यात लिहिला असता तर ‘घेऊ नका’ असंच लिहिलं असतं. पैसे वाचवायचे म्हणून मी एकच चावी घेतली होती. सगळीकडे दोन घ्या म्हणतात, मला ती विक्री वाढवायची युक्ती वाटली. मग एकदा प्रवासात चावी हरवली. रिकव्हरी कोड, म्हणजे चावी नसताना खातं उघडायचे राखीव कोड, होते, पण ठेवले कुठे, तर ज्या मेल खात्याला चावी लावली होती त्याच्याच ड्राइव्हमध्ये. मेल सेवेशी पाच दिवस झगडले. दर वेळी तेच ठरावीक उत्तर यायचं आणि प्रत्येक उत्तरानंतर पुन्हा पहिल्यापासून ओळख पटवा. शेवटी जुन्या लॅपटॉपवर ते खातं उघडंच राहिलं होतं म्हणून सुटले. त्यानंतर मुकाट्याने एकदम दोन चाव्या घेतल्या आणि रिकव्हरी कोड कागदावर लिहून कपाटात ठेवले.

आता तक्रार. या चावीची नक्कल करता येत नाही. मला वाटलं होतं, पहिलीवर सगळं नोंदवायचं आणि दुसरीत उतरवून घ्यायचं. तसं होत नाही. ३१ खाती, प्रत्येकात सेटिंगमध्ये जा, पहिली चावी जोडा, नाव द्या, मग दुसरी जोडा, पुन्हा नाव द्या. दोन संध्याकाळी गेल्या. कारण मला कळतं: प्रत्येक साइटसाठी चावीच्या आत डिजिटल किल्ल्यांची वेगळी जोडी बनते, त्यातली गुप्त किल्ली चिपच्या बाहेर कधीच येत नाही आणि साइटला फक्त जाहीर किल्ली मिळते. नक्कल निघाली असती तर ती चोरालाही काढता आली असती. हे सगळं मान्य. पण दुसरी चावी सुरक्षित राहावी म्हणून मी बहिणीकडे ठेवली आहे, आणि प्रत्येक नवं खातं उघडलं की ती आणल्याशिवाय काम अर्धवटच राहतं. वहीत ‘बाकी’ असं एक पान केलंय, त्यावर आज सहा नावं आहेत. दुसरी चावी जवळ नसतानाही तिची नोंद करता येईल अशी सोय कुणीतरी द्यायला हवी. एक सेवा तर एकच चावी स्वीकारते. त्यांना दोनदा लिहिलं, उत्तर नाही.

बाकी तक्रारी किरकोळ. चावीचा पिन लागोपाठ ८ वेळा चुकला की चावी कुलूपबंद होते, मग ती रीसेट करावी लागते आणि आतलं सगळं पुसलं जातं. म्हणून पिनही कागदावर आहे, पण वेगळ्या जागी. फोनवर एनएफसीने, म्हणजे नुसती टेकवून, चालते, फक्त जाड कव्हर काढावं लागतं.

त्या खोट्या पानानंतर मला खरी भीती कशाची वाटली, तर त्या खालच्या बटणाची. चावीने दार अडवलं होतं आणि मी स्वतःच मेसेजचा कोड देऊन ते उघडणार होते. अशी पानं मधल्या दलालासारखी चालतात, आपण टाकलेलं सगळं त्याच क्षणी खऱ्या साइटवर नेऊन टाकतात. ॲपमधला ३० सेकंदांत बदलणारा कोडही त्यातून सुटत नाही. २०२२मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट सुरक्षा कंपनीच्या कर्मचाऱ्यांवर असाच हल्ला झाला. ३ जणांनी पासवर्ड टाकलेही होते, पण तिथे चावीशिवाय आत जायची सोयच नव्हती, म्हणून हल्लेखोर बाहेरच राहिले. माझ्या खात्यांत ती सोय मीच ठेवली होती. त्या रात्री ३१पैकी २२ खात्यांतून मेसेज-कोड काढून टाकला. उरलेल्या ९ ठिकाणी मोबाइल नंबर काढताच येत नाही, म्हणजे कुणी माझ्या नावाने नवं सिम मिळवलं तर चावी असून उपयोग शून्य. चावी घेण्याआधी आपल्या महत्त्वाच्या सेवांमध्ये हा मार्ग बंद करता येतो का, ते आधी बघा. मी बघितलं नव्हतं.

आणि कॉम्प्युटरमध्येच व्हायरस शिरला, लॉगिन झालेलं सेशन, म्हणजे आपण आधीच आत आहोत याची ब्राउझरमधली खूण, त्याने उचललं, तर चावी काही करू शकत नाही. त्यासाठी अपडेट वेळेवर करायचे आणि फुकटची क्रॅक केलेली सॉफ्टवेअर टाकायची नाहीत, तिथे दुसरा इलाज नाही.

आज कुणी विचारलं तर मी घ्या म्हणेन, पण पहिल्याच दिवशी दोन. एकाच चावीपुरते पैसे असतील तर थोडं थांबा, तोवर ॲपचे कोड वापरा. रविवारी बहिणीकडे जाणार आहे, वहीतली सहा नावं तेव्हा खोडली जातील. एक चावीवाल्या सेवेला तिसरं पत्र पाठवलंय, उत्तर आलं तर इथेच लिहीन.