पिंपरीत जोडलेली मर्सिडीज ई २२०: दुरुस्त करायला घ्यावी का?

जुनी मर्सिडीज घेऊन ती पुन्हा रस्त्यावर आणायची, असं ज्यांच्या मनात घोळतंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी चार महिन्यांपूर्वी १९९५ची ई २२० घेतली. घेण्याआधी दोन गाड्या सोडल्या. सोडलेल्या गाड्यांनी जास्त शिकवलं, म्हणून त्यांच्याबद्दलही सांगते.

आधी गाडीविषयी थोडं. हिला डब्ल्यू १२४ म्हणतात. जर्मनीत हे मॉडेल १९८४च्या शेवटी आलं. मर्सिडीजची भारतातली कंपनी १९९४ची, आणि १९९५पासून पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात ई २२०ची जोडणी सुरू झाली. चाकणचा कारखाना पुढे २००९मध्ये झाला. माझे बाबा टेल्कोत ट्रकच्या पेंट शॉपला होते. मर्सिडीजची शेड वेगळी होती, तिकडे त्यांना जाता यायचं नाही. पण सुटीच्या वेळी एखादी गाडी गेटमधून बाहेर पडायची तेव्हा सगळी शिफ्ट थांबून बघायची, असं ते सांगतात. मी तेव्हा शाळेत होते. त्यामुळे जुनी गाडी घ्यायची तर हीच, हे माझं आधीच ठरलेलं होतं. फक्त हिशेबाचं काम करते म्हणून एक केलं: गाडी बघायला निघण्याआधी वहीत आकडा लिहिला. गाडी आणि काम मिळून सात लाख. त्याच्या वर एक रुपया गेला तरी नाही घ्यायची.

पहिली गाडी बाणेर रोडला एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे होती. मोतिया रंग, आरशासारखी चमकणारी, सीटवर नवीन कव्हर, मागितले सव्वातीन लाख. मी बघताक्षणी हरखले. बाबांनी खिशातून फ्रिजवर चिकटवायचं लोहचुंबक काढलं, रुमालात गुंडाळलं आणि दारावर लावलं. चिकटलं. बोनेटवर चिकटलं. मग ते खाली वाकले आणि मागच्या चाकाच्या कमानीवर लावलं, तर चुंबक घसरून जमिनीवर पडलं. दुसऱ्या बाजूलाही तेच. म्हणजे तिथे पत्राच उरला नव्हता, नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला. विक्रेता म्हणाला, "काका, तीस वर्षांच्या गाडीला थोडं असायचंच." बाबा म्हणाले, "थोडं असेल तर उघडं ठेवायचं होतं, आम्ही बघितलं असतं." आम्ही निघालो.

हे चुंबक सगळ्यांनी न्यावं. शोरूमसारखा ताजा रंग असेल तर दोनदा लावावं. या मॉडेलमध्ये खास करून दारांखाली ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आहेत, त्यांच्या मागे पाणी आणि माती साठते आणि जॅक लावायच्या भोकांभोवतीचा पत्रा आतून खातो. बाहेरून काहीच दिसत नाही. भोकांची झाकणं काढून आत बोट फिरवायचं. बोटाला कोरडी धूळ लागली तर ठीक, तपकिरी पापुद्रे निघाले तर घरी जायचं. पुढच्या फेंडरचं खालचं टोक, बॅटरीखालचा तळ, डिकीत स्टेपनीचा खड्डा हेही असंच हाताने बघायचं. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी असेल तर ते बहुतेक मागच्या दिव्यांच्या रबरातून आलेलं असतं.

दुसरी गाडी दिल्ली पासिंगची होती. तिकडे पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून अशा गाड्या स्वस्तात इकडे येतात. ती मी फोनवरच सोडली, कारण विकणाऱ्याकडे तिकडच्या आरटीओची एनओसी नव्हती आणि "ती नंतर मिळून जाईल" असं तो म्हणत होता. कागद आधी, गाडी नंतर.

तिसरी निगडी प्राधिकरणातल्या एका बंगल्याच्या पोर्चमध्ये होती. त्या बंगल्यातल्या काकांनी नवी घेतलेली. काका गेल्यावर सहा वर्षं कव्हरखाली उभी. निळसर करडी, रंग ठिकठिकाणी फिका पडलेला, टायर बसलेले, पुढच्या दोन्ही फेंडरवर भोवऱ्याएवढे फोड. चालू होत नव्हती. पण काकूंनी कपाटातून एक प्लॅस्टिकची पिशवी आणली, तिच्यात पहिल्या पावतीपासून सगळं होतं. सर्व्हिसबुकवर शिक्के, प्रत्येक बिलावर काकांच्या अक्षरात किलोमीटर. १,१२,००० झालेले. काकू म्हणाल्या, "अगं, भंगारवाला रोज विचारून जातो. मला त्याला द्यायची नाही." मी किंमत बोलले नाही. म्हटलं, "काकू, आधी लिफ्टवर घेऊन तपासते. येण्याजाण्याचा खर्च माझा. नाही घेतली तर जशी आहे तशी परत आणून लावीन." त्या हो म्हणाल्या.

तपासणीसाठी भोसरीतल्या ज्या गॅरेजात नेली, तिथले मेस्त्री जर्मन गाड्यांचंच काम करतात. टोचन करून नेऊ नका, बंद गाडीचे ब्रेक धरलेले असतात, हायड्रॉलिकवाल्या टेम्पोवर चढवून आणा, हे त्यांनीच फोनवर सांगितलं. तपासायचे ३,५०० रुपये घेतले. या सगळ्या प्रकरणात सर्वांत सार्थकी लागलेले पैसे हेच. अडीच तास गाडी लिफ्टवर होती. खालचा पत्रा कोरडा निघाला, जॅकची चारही भोकं शाबूत. तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी वही उघडली.

मग मेस्त्रींनी बोनेट सरळ उभं केलं (या गाडीचं बोनेट पूर्ण उभं राहतं, काम करणाऱ्याला फार सोयीचं) आणि इंजिनावरची एक वायर दोन बोटांत धरून हलकेच वाकवली. वायरचं आवरण तळलेल्या कुरडईसारखं तुटून खाली पडलं. आत उघडी तांब्याची तार. त्या काळात मर्सिडीजने इंजिनाच्या वायरिंगला पर्यावरणाला पूरक म्हणून विघटन होणारं आवरण वापरलं होतं. इंजिनाच्या उष्णतेने ते कडक होतं आणि गळतं. मग दोन तारा एकमेकींना लागतात, गाडी मधेच बंद पडते, झटके देते, आणि नशीब फुटकं असेल तर कंप्युटर जळतो. साधारण १९९२ ते ९५मधल्या गाड्या घेताना हे धरूनच चालायचं. "बदललंय" असं कुणी म्हणालं तर बिल मागायचं, आणि बिल नसेल तर वायर वाकवून बघायची. टेप गुंडाळून हे भागत नाही. अख्खं हार्नेस, म्हणजे इंजिनावरच्या वायरींचा पूर्ण जुडगा, नवीन करावं लागतं. मला ४८,००० पडले.

इंजिन स्वतः चांगलं आहे. २१९९ सीसी, चार सिलिंडर, १५० अश्वशक्ती. चेनवर चालतं, बेल्ट तुटायची भीती नाही. मोठा खर्च चाकांमागे असतो. या गाडीला मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांड्या आहेत, म्हणजे एकूण दहा, आणि प्रत्येकीच्या टोकाला रबरी बुश. गाडी उभी राहून राहून ती रबरं वाळून चिरतात. त्यात पुढचे बॉल जॉइंट, इंजिनाचे माउंट, शॉकअप. मी कंजूषपणा न करता लेमफर्डर या जर्मन कंपनीचेच नवे घेतले, सगळे मिळून ८५,००० झाले. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात वापरलेले निम्म्यात मिळत होते. जुनं रबर काढून दुसरं जुनं रबर लावण्यात अर्थ नाही, असं माझं मत आहे. कुर्ल्यातून मी फक्त दाराचं एक हँडल आणि मागचा एक दिवा आणला.

पेट्रोलच्या नळ्यांबद्दल मात्र कळकळीने सांगते. आता पंपावर मिळतं ते पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. तीस वर्षांपूर्वीची रबरं त्यासाठी बनलेली नाहीत. ती फुगतात, मऊ होतात, पाझरतात, आणि या गाडीचा फ्युएल पंप मागच्या ॲक्सलजवळ खाली असतो, तिथलं पाझरणं दिसतही नाही. गाडी पहिल्यांदा चालू करायच्या आधी टाकी काढून साफ करून घ्या आणि टाकीपासून इंजिनापर्यंतची प्रत्येक रबरी नळी बदला. माझी टाकी आतून गंजलेली निघाली. ते अंदाजात नव्हतं, २९,००० वाढले.

कागदांचं. आरसी आधी पंधरा वर्षांची असते, मग दर पाच वर्षांनी नूतनीकरण. काकूंच्या गाडीची मुदत नोव्हेंबरात संपत होती. वीस वर्षांपुढच्या मोटारींचं नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट २०२५पासून १०,००० रुपये झालंय, शिवाय पर्यावरण कर आणि नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाटी. बरेच जण "व्हिंटेजमध्ये टाक" म्हणतात. तो नियम पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना आहे, आणि व्हिंटेज गाडी रोज वापरताही येत नाही. म्हणून मेस्त्रींना सांगून ब्रेक, वायरिंग आणि टायर आधी केले, पासिंग करून घेतलं, एसी नंतर. टायरची चिंता नाही, १९५/६५ आर १५ कुठल्याही दुकानात मिळतात.

पैशांचा हिशेब असा. काकूंना २,१०,००० दिले. त्यांनी १,८०,००० सांगितले होते, पण लिफ्टवर जे दिसलं त्यानंतर इतके कमी देणं मला पटेना. गॅरेजचा अंदाज रंग धरून ४,४३,००० होता. त्यातले १,६०,००० पूर्ण रंगाचे. त्याआधी दुसऱ्या एका गॅरेजने गाडी न उघडता "दीड लाखात सगळं करून देतो" असं सांगितलं होतं. असा आकडा ऐकला की उठून यावं. आजवर कामावर ३,१२,००० गेले. गाडी विकायला काढली तर हे परत येणार नाहीत, माझ्या मते कुणी चारच्या वर देणार नाही. ज्यांना हे सहन होणार नाही त्यांनी घेऊ नये. ज्यांच्याकडे रोज ऑफिसला जायला दुसरं वाहन नाही आणि झाकलेलं पार्किंग नाही त्यांनीही नाही. सोसायटीत उघड्यावर दोन पावसाळे काढले की सगळं काम मातीत.

आणि ज्यांच्याकडे हे आहे त्यांनी जरूर घ्यावी. गेल्या आठवड्यात मी बाबांना घेऊन वाईला जाऊन आले. खंबाटकी चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी काहीही न कुरकुरता गेली, खड्ड्यातून जाताना आत नुसता मऊ ठोका ऐकू येतो. दार लावलं की धप्प असा एकच आवाज. किल्ली फिरवली की मागे पंप घुर्र करतो आणि चारही दारांच्या खुंट्या एकदम खाली जातात. सेंट्रल लॉक हवेवर चालतं, आणि ते अजून गळत नाही. पुढच्या काचेला एकच वायपर आहे. तो फिरता फिरता लांब होतो आणि आखूड होतो, त्यामुळे काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. आतलं ग्रीस वाळलं तर तो अडखळतो. मेस्त्रींनी खोलून ग्रीस भरलं आणि बाबांनी अंगणात पाइपने पाणी मारून तो वीस मिनिटं चालवून बघितला.

पूर्ण रंग मी रद्द केला. छताचा, दारांचा, डिकीचा रंग कारखान्यातला आहे, तो फिका असला तरी बाबा त्याला हात लावू देत नाहीत. फक्त पुढचे दोन फेंडर करायचे, ३५,००० सांगितलेत. करड्या रंगाचा नमुना जुळवायला बाबा दोनदा भोसरीला जाऊन आले. दोन्ही वेळा डब्यातला रंग किंचित जास्त निळा आला, म्हणून परत पाठवलाय.