फोंड्यातला सहा शनिवारांचा वर्ग: जरूर जा, पण नोट्स मराठीत मागा

आमच्या वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन. फोंड्याला तिस्काजवळ समाजमाध्यमं आणि संवादशास्त्र यांवर वर्ग निघालाय असं कळलं, तेव्हा ६०० रुपये भरून नाव घातलं. सहा शनिवार, चार ते सहा.

शिकवणाऱ्या बाई मराठीत बोलतात, रंगात आल्या की कोकणीत शिरतात. दुसऱ्या शनिवारी समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास झाला. १९४० ची अमेरिकेतली अध्यक्षपदाची निवडणूक, ओहायोतली एरी काउंटी. रेडिओ-वर्तमानपत्रांतलं म्हणणं बरेचदा आधी चार जाणत्यांपर्यंत पोचतं आणि त्यांच्या तोंडून बाकीच्यांपर्यंत, असं त्यांना आढळलं. मग घरचा अभ्यास: आपल्या ग्रुपवरचा एक फॉरवर्ड घ्या आणि लोकांना विचारा, तुम्ही विश्वास का ठेवलात?

मी पाण्याचा घेतला. 'उद्यापासून तीन दिवस नळ बंद' अशा नोटिशीचा फोटो, वर दुहेरी बाण, म्हणजे बऱ्याच वेळा फॉरवर्ड झालेला. २०२० पासून असा मजकूर एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो, तरी आमच्याकडे तो तीन ग्रुपांतून आला. दुसऱ्या दिवशी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजायच्या आत वाड्यावर कळशा, बादल्या, चतुर्थीची मोठी पातेलीसुद्धा भरून तयार. नळ काही गेला नाही. सात घरी जाऊन विचारलं. पाच घरी एकच उत्तर: "टीचरनी घातलं होतं, म्हणजे खरंच असणार." टीचर म्हणजे आमच्या ग्रुपवरच्या, वर्गातल्या बाई नव्हेत. नोटीस कोणाची, हे एकीनेही पाहिलं नव्हतं.

चौथा शनिवार मला फार लागला. जर्मन अभ्यासक एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये मांडलेलं मौनाचं चक्र: आपण एकटे पडू या धाकाने माणूस गप्प बसतो, आणि तो गप्प म्हणून पुढचाही. त्या फोटोच्या कोपऱ्यात गेल्या वर्षाची तारीख होती. मी ती त्याच रात्री पाहिली होती. खाली अंगठ्यांची रांग, त्यात टीचरना सगळ्यांसमोर खोटं कसं पाडायचं? मी बोलले नाही. बाई शिकवत होत्या आणि माझ्या डोळ्यांसमोर ती पातेली.

उणं तेही सांगते. नोट्स सगळ्या इंग्रजीत. शेजारी बसणाऱ्या काकींनी त्या घडी करून पिशवीत टाकल्या त्या टाकल्याच. आणि मुलं नि इन्स्टाग्राम हा विषय अर्ध्या तासात उरकला. निम्म्या आया त्याच्यासाठीच आल्या होत्या, त्याला एक अख्खा शनिवार हवा.

टीचरना मी नंतर घरी जाऊन तो कोपरा मोठा करून दाखवला. ग्रुपवर दुरुस्ती त्यांनी स्वतःच घातली. चतुर्थीनंतरच्या तुकडीत त्यांनी नाव घातलंय.