स्पॅगेटी मोजायची भोकांची पट्टी आणि डिजिटल काटा: काही महिने वापरल्यानंतर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकतो. कोरडा पास्ता मोजायला एकच वस्तू घेणार असाल तर १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या. भोकांची पट्टी (भोकात मावतील तेवढ्या स्पॅगेटीच्या लांब काड्या म्हणजे एक माप) एकटीच घेतलीत तर ती नेमकं किती मोजते आहे, हे कळायला शेवटी काटाच लागतो. तरीही पट्टी मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे आणि आठवड्यातून एकदा तरी ती बाहेर निघते.

मुळात मोजायचं कशाला, असं विचारणारे घरोघरी असतात. मूठभर घ्या, टाका पाण्यात. अडचण अशी की कोरडा पास्ता दिसतो त्याहून खूप जास्त असतो. आमच्याकडे १०० ग्रॅम कोरडी स्पॅगेटी शिजवून नितळल्यावर साधारण २१५ ते २४० ग्रॅम भरते. दाताखाली जरा टणक लागेल अशी काढली तर खालचा आकडा, मऊ केली तर वरचा. म्हणजे मुठीत २० ग्रॅम जास्त आले की ताटलीत चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम जादा, आणि तीन माणसांचं एकदम करताना हा हिशेब तिप्पट होतो. सॉस मात्र तेवढाच राहतो. मग कोरडी पडलेली स्पॅगेटी चमच्याने उगाच ढवळत बसायची.

आता पट्टी. माझ्याकडची पातळ स्टीलची आहे, तिला चार भोकं आणि प्रत्येकाखाली १ ते ४ आकडे कोरलेले. पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा छपाई चुकली असावी असं वाटलं, कारण चौघांचं भोक एकाच्या भोकाच्या जेमतेम दुप्पट रुंद दिसतं. फूटपट्टी लावली: एकाचं २२ मिलिमीटर, चौघांचं ४४. आणि ते बरोबरच आहे. भोकातून किती काड्या जातात ते क्षेत्रफळावर ठरतं, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. व्यास दुप्पट झाला की काड्या चौपट. दोघांसाठी व्यास फक्त १.४ पट पुरतो, म्हणजे ३१ मिलिमीटर. अंगठा आणि तर्जनीचं कडं करून अंदाज घेणारे नेमके इथेच फसतात. दोघांसाठी म्हणून कडं दुप्पट मोठं केलं की चौघांचं जेवण तयार.

पट्टीची खरी गोम आहे ती भरण्यात. भोक 'भरलं' म्हणजे किती भरलं? काड्या नुसत्या सरकवल्या आणि थांबलो तर माझ्या २२ मिलिमीटरच्या भोकातून ८८ ग्रॅमच्या आसपास निघतात. मग जुडी टेबलावर ठोकून टोकं सारखी केली, बोटांनी मधल्या काड्या बाजूला रेटल्या आणि जागा होईल तिथे एकेक घुसवत गेलो तर १०५ पर्यंत जाता येतं. भोक तेच, आकडा तोच, फरक १७ ग्रॅमचा. गोल काड्यांच्या मध्ये पोकळी राहतेच. कितीही नेटक्या रचल्या तरी सुमारे ९ टक्के जागा रिकामी राहते, आणि हाताने सहज भरल्या तर त्याहून बरीच जास्त. शेवटच्या काही काड्या तर कडेला तिरक्या अडकतात. एक ओढली की शेजारच्या दोन सोबत येतात. म्हणून मी आता एक ठरावीक ताण पकडतो. जुडी धरून पट्टी उलटी केली की काड्या आपोआप घसरत नाहीत, पण बोटाने ढकलल्या की सहज निघतात, इतपत. असं केलं की वजन दर वेळी पाच-सहा ग्रॅमच्या आत राहतं. रोजच्या स्वयंपाकाला एवढं पुष्कळ झालं.

एक गोष्ट वापरता वापरता कळली आणि फार आवडली. मला वाटलं होतं की बारीक काड्यांची स्पॅगेटी आणली की पट्टी निकामी. तसं होत नाही. काड्या बारीक असल्या की जास्त मावतात, पण प्रत्येकीचं वजन त्याच हिशेबाने कमी असतं, त्यामुळे एकूण वजन जवळपास तेच येतं. नेहमीच्या जाडीची एक काडी साधारण ग्रॅमभर असते; बारीक जातीची त्याहून बरीच हलकी. संख्या बदलते, वजन बदलत नाही.

पट्टी फसते ती लांबीला. भोक फक्त जुडीची जाडी मोजतं, लांबीशी त्याला देणंघेणं नाही. नेहमीच्या पाकिटातल्या काड्या २५-२६ सेंटिमीटरच्या असतात. मध्ये एकदा त्याहून लांब काड्यांचं पाकीट आलं आणि त्याच भोकातून तेवढंच जास्त वजन निघालं. काही पारंपरिक पद्धतीच्या पास्त्यात काड्या अर्ध्या मीटरच्या, मधून दुमडलेल्या असतात. तिथे तर पट्टीला हातही लावू नये. पाकिटाच्या तळाशी उरलेल्या तुटक्या काड्यांची गत उलटी, भोक भरतं पण वजन भरत नाही. बुकातिनी आतून पोकळ, तिचंही कमी भरतं. लिंग्विनी चपटी असते, एकावर एक छान बसते, त्यामुळे जरा जास्त. तात्पर्य, पट्टीवरचा '१' हा एका ठरावीक लांबीच्या, भरीव, न तुटलेल्या स्पॅगेटीचा आहे. हे पट्टीसोबतच्या कागदावर कुठेही लिहिलेलं नव्हतं, लिहायला हवं होतं.

जाता जाता दोन फुकटच्या उपायांबद्दल. स्पॅगेटी वाढायच्या दातेरी चमच्याला मधोमध जे भोक असतं ते एका माणसाचं माप आहे, असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. माझ्याकडे असे दोन चमचे आहेत; एकाचं भोक लांबट, दुसऱ्याचं गोल, आणि दोन्हींतून येणारी वजनं एकमेकांशी बोलतसुद्धा नाहीत. ते भोक पाणी निथळायला आहे, त्याला तेच काम करू द्यावं. त्यापेक्षा पाण्याच्या प्लास्टिक बाटलीचं तोंड बरं. आतला व्यास २१-२२ मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि माझ्या बाटलीतून शंभर ग्रॅमच्या जवळपास स्पॅगेटी निघते. म्हणजे पट्टीतलं पहिलं भोक बऱ्याच जणांच्या घरात आधीच पडलेलं आहे.

आखूड पास्त्याला पट्टीचा शून्य उपयोग. तिथे लोक कप काढतात आणि मग आकार आडवा येतो. एकाच कपात तांदळाच्या दाण्याएवढा ओर्झो १७० ग्रॅमच्या वर भरतो, बाकदार मॅकरोनी ११० च्या आसपास, आणि फुलपाखराच्या आकाराचा फारफाल्ले जेमतेम ७५. कप तोच, ओर्झो फारफाल्लेच्या दुपटीहून जास्त. नळीसारखा पेने आणि पिळदार फ्युसिली मधे कुठेतरी, आणि कप हलवून बसवला की तेही बदलतं. कपच वापरायचा असेल तर प्रत्येक आकार एकदा वजन करून बरणीच्या झाकणावर लिहून ठेवा. आमच्याकडे पेनेच्या बरणीवर तशी चिठ्ठी आहे, आणि घरात इतर कुणी स्वयंपाक करणार असेल तर तीच कामी येते.

काट्याबद्दल थोडं सविस्तर, कारण जमलं ते इथेच. माझा ५ किलोपर्यंतचा, सपाट काचेचा, नाण्याएवढ्या बॅटरीवर चालणारा आहे. पहिल्या आठवड्यातच एक खोड लक्षात आली. रिकाम्या काट्यावर काड्या एकेक करून ठेवत गेलो तर आकडा शून्यावरून हलेचना. काटा बिघडलेला नव्हता. अशा काट्यांत शून्य स्थिर ठेवायची सोय असते. अगदी हळूहळू वाढणारं वजन त्याला सरकलेलं शून्य वाटतं आणि तो ते गिळून टाकतो. उपाय सोपा: आधी निम्मा-अधिक पास्ता एकदम ठेवायचा, मग थोडा थोडा वाढवायचा.

पण त्याहून चांगली रीत म्हणजे उलटं वजन. उघडलेलं पाकीटच काट्यावर ठेवायचं, 'टेअर'चं बटण दाबून शून्य करायचं आणि पाकिटातून पास्ता काढत जायचं. काटा वजा आकडा दाखवतो. तिघांचे २५५ ग्रॅम हवे असतील तर वजा २५५ दिसेपर्यंत काढायचं आणि थेट पातेल्यात टाकायचं. वाडगा खराब होत नाही आणि लांब काड्या काट्यावरून घरंगळतही नाहीत. ही रीत हाताला बसल्यापासून पट्टीचा वापर निम्म्यावर आला.

तक्रारी आहेतच. मोठा वाडगा ठेवला की त्याच्या कडेखाली आकडे झाकले जातात. दोन मिनिटं हात लावला नाही की काटा आपणहून बंद होतो आणि मोजलेलं विसरतो. अर्ध्यात फोन आला तर पुन्हा पहिल्यापासून. स्पर्शाचं बटण ओल्या बोटाला दाद देत नाही, आणि स्वयंपाकघरात बोट कोरडं असतं कधी? खाली दुमडलेलं फडकं असेल तर आकडा नाचतो, काटा कडक आणि सपाट जागीच हवा.

साधन कुठलंही असो, खरा प्रश्न राहतो तो 'एक माणूस म्हणजे किती ग्रॅम' हा. इटलीतल्या आहारशिफारशींत कोरड्या पास्त्याचा प्रमाण वाटा ८० ग्रॅमचा धरतात, सूपमध्ये त्याच्या निम्मा. अमेरिकी पाकिटांवर बहुधा २ औंस, म्हणजे ५६ ग्रॅम असतो. त्यात सुमारे २०० कॅलरी. इतर पाकिटांवर ७५ ते १०० मधलं काहीही सापडतं. पोटभर जेवणाचा वाटा आणि लेबलावर छापायचा वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणता आकडा कोणत्या हिशेबाने दिला आहे हे पाकीट सांगत नाही. माझ्या पट्टीचा '१' शंभराकडे झुकतो. ५६ चा हिशेब पाळणारा माणूस तो मुकाट्याने मानत राहिला तर जवळपास दोन माणसांचं खाईल.

आम्ही शेवटी आमचेच आकडे ठरवले. नुसतं तेल-लसूण असेल तर माणशी ९५. घट्ट, भरगच्च सॉस असेल तर ७५-८०, कारण सॉसनेच पोट भरतं. सूपमध्ये ४०. ताजा, ओला पास्ता असेल तर हे आकडे चालत नाहीत. त्यात पाणी आधीच असतं, म्हणून तो १२० च्या आसपास घेतो. घरट्यासारख्या गुंडाळ्यांची तालियातेल्ले (चपट्या फितींचा पास्ता) असेल तर एक गुंडाळी एकदा तोलायची, पुढे नुसत्या गुंडाळ्या मोजायच्या.

घरातल्या सगळ्यांची भूक सारखी नसते, त्यावरही काटाच कामी आला. समजा एकाला १००, दोघांना ७० प्रमाणे, असे २४० ग्रॅम एकत्र शिजवले. नितळल्यावर सगळं मिळून ५३० भरलं, तर १०० वाल्याच्या ताटलीत २२१ आणि बाकीच्यांना प्रत्येकी साधारण १५५. जे हिशेबाने खातात त्यांच्यासाठी हे सोनं आहे. शिजलेल्या पास्त्याचं नुसतं वजन बघून कॅलरी काढू नका, पाणी किती प्यायला आहे त्यावर ते बदलतं. कोरड्या वजनावरून काढा, १०० ग्रॅमला सुमारे ३५०.

पास्त्याचं वजन माहीत असलं की पाणी आणि मीठही सुटतं. जुना इटालियन हिशेब १०० ग्रॅमला १ लिटर पाणी आणि १० ग्रॅम मीठ असा आहे. पाणी मी त्याहून कमी घेतो, मधून मधून ढवळलं की चिकटत नाही, आणि उरलेलं पिठूळ पाणी सॉसला जास्त छान बांधतं. मीठ मात्र मग पाण्याच्या मापाने कमी करायला हवं, नाहीतर खारट.

कुणी काय घ्यावं? फक्त स्पॅगेटी खाणारे, नेहमी एकच पाकीट आणणारे, मोजमापाचा कंटाळा असणारे: पट्टी पुरे. मात्र ती कुणाच्या तरी काट्यावर एकदा तपासून घ्या आणि आपल्या हाताचा '१' किती ग्रॅमचा ते कळू द्या. धुवायला ती सोपी आहे, गंजलेली नाही, आकडे पुसलेले नाहीत. लाकडी पट्टीच्या भोकांत पाणी मुरतं असं ऐकलं आहे, मी वापरलेली नाही. बाकी सगळ्यांनी काटा.

आणि एक बारीकसा फायदा, जो विकत घेताना डोक्यातही नव्हता. ५०० ग्रॅमच्या पाकिटातून ८५ प्रमाणे पाच वाटे काढले की तळाशी ७५ उरतात, ना धड एकाचे ना कुणाचे. आता रोजच्या सॉसला आम्ही माणशी ८३ घेतो. सहा वाटे, तिघांची दोन जेवणं, आणि पाकिटात दोन काड्यांइतकाच पास्ता शिल्लक.