नाटोचा आयसॅफ प्लेसमॅट: फुकटातला नकाशा, साडेतीन स्टार

प्रॉडक्ट म्हणावं तर प्रॉडक्ट, नाहीतर नुसती एक पीडीएफ. अफगाणिस्तानात नाटोचं आयसॅफ (इंटरनॅशनल सिक्युरिटी असिस्टन्स फोर्स, म्हणजे बऱ्याच देशांची मिळून एकत्र फौज) मिशन चालू होतं तेव्हा अधूनमधून एक नकाशा निघायचा, कुठल्या देशाचे किती सैनिक, कोण कुठे बसलंय, कुठल्या प्रांताची जबाबदारी कोणाकडे, सगळं एका नजरेत. याला प्लेसमॅट म्हणतात. २००७ पासून २०१४ पर्यंतचे नाटोच्या साइटवर अर्काइव्हमध्ये पडलेत, लॉगिन नाही, पैसे नाहीत. अफगाण युद्धावर काहीही वाचायला घेतलं की आरसी साउथ, पीआरटी, टास्क फोर्स असल्या शब्दांनी डोकं फिरतं, त्यावर उतारा म्हणून मी हे उघडले आणि मग बरेच उघडत बसलो.

आधी चांगलं सांगतो. मांडणी मस्त आहे. देशाचे तुकडे केलेत, उत्तरेला मझार-ए-शरीफ जर्मनीकडे, पश्चिमेला हेरात इटलीकडे, पूर्वेला बगराम अमेरिकेकडे, दक्षिणेला कंदाहार, आणि काबूल वेगळं. प्रत्येक तुकड्याला रीजनल कमांड, म्हणजे आरसी, म्हणायचं आणि त्यात छोटे छोटे झेंडे, ते झेंडे म्हणजे पीआरटी, प्रोव्हिन्शियल रिकन्स्ट्रक्शन टीम, म्हणजे सैनिक अधिक मुलकी अधिकारी अशी मिश्र टीम जी एका प्रांतात बसून सुरक्षा पण बघणार आणि रस्ते, शाळा, पोलिस ट्रेनिंग पण. इथे खरी गंमत आहे. बामियानवर न्यूझीलंडचा झेंडा, घोर प्रांतातल्या चघचरानवर लिथुआनिया, पुल-ए-खुमरीवर हंगेरी, मैमानावर नॉर्वे. लिथुआनियासारखा चिमुकला देश घोरसारखा अवाढव्य डोंगराळ प्रांत सांभाळतोय आणि त्याच्या वरचा कमांडर इटालियन, हे वाचून समजत नाही, नकाशावर बघितलं की लगेच बसतं डोक्यात.

आकड्यांची यादी पण बघण्यासारखी. २०११ च्या सुरुवातीला अमेरिका ९० हजार, ब्रिटन साडेनऊ हजार, आणि खाली खाली जात ऑस्ट्रिया, आइसलँड एकआकडी. आइसलँडला तर स्वतःचं सैन्यच नाही! पण झेंडा सगळ्यांचा सारख्याच साइजचा. मिशन भरात असताना एकूण आकडा १ लाख ३० हजारच्या वर आणि देश पन्नासच्या आसपास, आणि हे बघताना कळतं की यादी लांब करणं हेच अर्धं काम होतं, लढायला नाही तर दाखवायला. माझं मत आहे, पटलं नाही तर सोडून द्या.

आता दीड स्टार कुठे कापला ते.

हा कागद कोण कुठे आहे ते सांगतो, कोण कोणाला ऑर्डर देऊ शकतो ते सांगत नाही. आणि अशा मिशनमध्ये खरा प्रश्न तोच असतो. कागदावर साखळी सरळ आहे, ब्रसेल्सला नाटोच्या सगळ्या सदस्य देशांची राजकीय कौन्सिल, मग बेल्जियममधल्याच मॉन्सला नाटोचा सर्वोच्च कमांडर, मग नेदरलँड्समधलं ब्रुन्सुमचं हेडक्वार्टर, मग काबूलचं आयसॅफ हेडक्वार्टर, त्याखाली रीजनल कमांड. पण देश आपले सैनिक देताना फक्त ऑपरेशनल कंट्रोल, म्हणजे ठरलेल्या कामापुरता ताबा, देतो, पूर्ण कमांड स्वतःच्या राजधानीकडेच ठेवतो. वर प्रत्येकाचे कॅव्हिएट, म्हणजे आमची माणसं अमुक भागाबाहेर जाणार नाहीत, तमुक काम करणार नाहीत. जर्मन सैन्य मुख्यतः उत्तरेतच, तुर्कस्तान लढाईत उतरणार नाही वगैरे. २००६ ला रीगाच्या शिखर परिषदेत यावर भरपूर वाद झाले कारण दक्षिणेत कॅनडा, ब्रिटन, डच मार खात होते आणि बाकीचे जागचे हलायला तयार नव्हते. नकाशावर यातलं काहीच नाही, सगळे झेंडे बघून वाटतं की कमांडरने फोन केला की कोणीही कुठेही धावेल.

कुंदुझचंच घ्या. नकाशावर तिथे एक जर्मन झेंडा, बास. ४ सप्टेंबर २००९ ला तालिबानने पळवलेले दोन इंधन टँकर नदीत अडकले, कुंदुझ पीआरटीच्या जर्मन कमांडरने अमेरिकन विमानांना बॉम्ब टाकायला सांगितलं, त्यात बरेच सामान्य लोक मेले. टार्गेट सांगणारा जर्मन, विमान अमेरिकेचं, साखळी नाटोची, पण राजीनामे पडले ते जर्मनीत, तेव्हाच्या संरक्षणमंत्र्याला पुढे मंत्रिपद सोडावं लागलं आणि लष्करप्रमुखही गेले. म्हणजे सैन्य नाटोचं असलं तरी हिशोब देशात द्यायचा. ही गोष्ट कळली की मग कॅव्हिएटचा पण तेवढा राग येत नाही, निदान मला तरी.

दुसरं, अमेरिकेचा आकडा अर्धवट आहे. तिथे आयसॅफच्या बाजूला अमेरिकेचं स्वतःचं एन्ड्युअरिंग फ्रीडम नावाचं दहशतवादविरोधी ऑपरेशन पण चालू होतं, त्यातले सैनिक या यादीत येत नाहीत. २००८ पासून एकच जनरल आयसॅफचा पण प्रमुख आणि तिथल्या अमेरिकन फौजेचा पण, दोन टोप्या एका डोक्यावर, पण दोन वेगळे कायदे, दोन वेगळ्या साखळ्या. खाजगी कंपन्यांचे कॉन्ट्रॅक्टर तर यादीतच नाहीत. आकडे अंदाजे आहेत, त्या दिवशीचे नेमके नाहीत, अशी बारीक अक्षरातली टीप आहे, ती सोडून लोक हेच आकडे छातीठोकपणे फेकतात, ती चूक कागदाची नाही म्हणा.

पीआरटीचं पण तसंच. सगळे एकाच चिन्हाने दाखवलेत पण प्रत्येकाचा कारभार वेगळा. अमेरिकन पीआरटी छोटी आणि लष्करी अधिकाऱ्याच्या हाताखाली, जर्मन मोठी आणि त्यात लष्करी प्रमुख वेगळा मुलकी प्रमुख वेगळा, वर्दकमधली तुर्की टीम तर मुलकी अधिकाऱ्याच्याच हाताखाली. पैसा ज्याच्या त्याच्या राजधानीतून, त्यामुळे शेजारच्या दोन प्रांतात दोन तऱ्हा. चिन्हाचा रंग जरी बदलला असता तरी चाललं असतं.

एक आयडिया देतो, एक शीट बघू नका, लायनीने बघा. सुरुवात मात्र यात सापडणार नाही, २००३ च्या ऑगस्टमध्ये नाटोने कमांड घेतली तेव्हा आयसॅफ काबूलपुरतं होतं, मग उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व असं घड्याळाच्या उलट दिशेने पसरत २००६ च्या ऑक्टोबरला पूर्ण देश झाला, म्हणजे अर्काइव्ह चालू होतं तेव्हा पसारा मांडून झालेला. पण पुढची मजा आहे. साउथची कमांड कॅनडा, डच, ब्रिटन अशी फिरत राहते, म्हणजे माणूस जागा ओळखेपर्यंत बदली. २०१० ला हेलमंद आणि निमरोझ तोडून साउथवेस्ट नावाची नवी कमांड निघते आणि हेलमंदमधले ब्रिटिश अमेरिकन मरीन जनरलच्या हाताखाली जातात. त्याच वर्षी उरुझगानमधून डच झेंडा गायब, आणि कागद एका शब्दाने सांगत नाही की सैनिक तिथे ठेवायचे की नाही याच प्रश्नावरून फेब्रुवारीत नेदरलँड्सचं सरकार पडलं होतं. ते तुम्ही बाहेरून वाचायचं.

२००९ च्या शेवटी काबूलचं हेडक्वार्टर आणि रीजनल कमांड यांच्या मधे एक आयजेसी (आयसॅफ जॉइंट कमांड) नावाचं हेडक्वार्टर घुसवलं, काबूलचा मोठा साहेब राजकारण आणि अफगाण सरकार बघेल आणि रोजची लढाई आयजेसी बघेल अशी वाटणी. माझ्या मते पूर्ण मिशनमधला सगळ्यात शहाणा बदल हाच, आठ वर्षं उशिरा आलेला, आणि नकाशा बघून त्याचं महत्त्व कळणं अवघड कारण साखळी नकाशावर दिसतच नाही, जमीन दिसते.

मोबाईलवर उघडू नका, गावांची नावं दिसत नाहीत आणि झूम केलं की झेंडा एकीकडे नाव दुसरीकडे. मोठ्या स्क्रीनवर किंवा ए३ प्रिंट काढा. २०१५ पासून रिझोल्यूट सपोर्ट मिशन आलं, त्याचे पण असेच कागद निघाले, पण तोवर फौज १३ हजारच्या आसपास, लढाई अफगाण सैन्याकडे आणि हे फक्त ट्रेनिंग-सल्ल्याला, त्यामुळे त्यात बघायला फार काही नाही. घ्यायचेच असतील तर २००७ चा एक, २०१० च्या सुरुवातीचा एक आणि २०११ चा एक असे तीन घ्या आणि शेजारी शेजारी लावा.