भीमाकाठचा रविवार : पंढरपूर की कुडल?

सकाळी सोलापुरातून निघायचं, घटकाभर पाण्याकाठी बसायचं, काहीतरी जुनं बघायचं आणि दिवेलागणीला घरी. एवढंच हवं असेल तर माझ्या मते दोनच ठिकाणं, पंढरपूर आणि हत्तरसंग कुडल. भिगवण यात धरत नाही. तिथं थंडीत, पक्ष्यांसाठी जावं.

नदी दोन्हीकडं भीमाच. पंढरपुरात ती चंद्रकोरीसारखी वळते म्हणून चंद्रभागा. होडीतून महाद्वार घाटाकडं बघावं, समोर वाळवंटातलं पुंडलिकाचं मंदिर. याला तोड नाही, हे आधीच कबूल करतो.

अडतं कुठं, तर पंढरपूरला जाऊन दर्शनाशिवाय परतायची आमच्या घरात सोय नाही. 'या वेळी फक्त नदी' असं ठरवून दोनदा गेलो. एकदा आई सोबत होती. 'आलोच आहोत तर मुखदर्शन तरी घेऊ' म्हणाली. दुसऱ्यांदा मुद्दाम एकटा निघालो, तर शेजारच्या काकूंनी देवाला वाहायला नारळ हातात दिला. दर्शनबारीतून सुटायला दुपार झाली. मग होडीवाला आणखी चार माणसं मिळेपर्यंत थांबला. नदी वाट्याला आली जेमतेम अर्धा तास. विठोबावर राग नाही हो, पण आपण नदीसाठी निघालो होतो.

कुडलला असं कुणी काही सांगून पाठवत नाही. विजापूर रस्त्यानं, मंद्रूपच्या बाजूनं गेलं की भीमा-सीनेचा संगम. हरिहरेश्वराच्या देवळात ३५९ मुखांचं शिवलिंग आहे. शेजारच्या संगमेश्वराच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा शिलालेख. आपल्या सोलापूरचे शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. त्यातली मराठी ओळ, 'वाछि तो विजेया होईवा'. वाचेल तो विजयी होईल. मला काही ती अक्षरं धड लागली नाहीत, त्यामुळं विजयाचं राहू द्या. पण मान दुखेपर्यंत वर बघत उभा राहिलो आणि मागून कुणी 'चला, पुढं चला' म्हटलं नाही.

पाण्याचं दोन्हीकडं उजनी धरणाच्या मर्जीवर. उन्हाळ्यात जाऊच नये. पावसाळा सरल्यावर बरं. म्हातारी माणसं सोबत असतील, किंवा होडीत बसायचंच असेल, तर पंढरपूर गाठा, मी अडवणार नाही. कुडलला मात्र जेवण मिळेल या भरवशावर जाऊ नका. कडक भाकरी, शेंगाचटणी, दही आणि प्यायचं पाणी घरूनच न्या.